भरवशाचा बेस

३ मार्च, सोमवार
शनिवारी हॉटेलात आमच्या बँडच्या दुसऱ्याच गाण्यात माझा बेस गिटार मुका झाला. नवा कोरा, बॅटरीवर चालणारा, पाच बटणांचा बेस! मी तारा बडवतोय आणि स्पीकरमधून शून्य. कीबोर्डवाला, म्हणजे आमचा कप्तान, नंतर म्हणाला की बेस गेल्याचं त्याला कळलंच नाही, फक्त गाणं एकदम बरं वाटायला लागलं. थट्टेखोर माणूस.
संकल्प: दर आठवड्याला स्टेजवर नेता येईल असा सगळ्यात भरवशाचा बेस कोणता, याचा छडा लावायचा. तोवर यातच नवी बॅटरी घातली, वायर खोचली आणि कोपऱ्यात उभा केला. आपण कायम तयारीत असतो.

४ मार्च, मंगळवार
ओळखीच्या बेसवाल्यांना फोन केले. सगळे एका माळेचे मणी. प्रत्येकाने स्वतःचाच बेस सांगितला, आणि प्रत्येकाचा जुना, जड, दोन बटणांचा, बिनबॅटरीचा. म्हणे कितीही आपटा, कुठेही न्या, वाजणारच. तसला तर माझ्याकडेही आहे! रंग उडालेला. सासरेबुवांना खेळायला दिलाय. हे लोक आयुष्यात पुढे का जात नाहीत, ते आज समजलं.
एकाने विचारलं, सराव किती करतोस? काहीही काय! विषय वाद्याचा होता.

५ मार्च, बुधवार
हिने नव्या बेसच्या खोक्यातली माहितीपुस्तिका वाचली. कुणी सांगितलं होतं? म्हणे वायर खोचलेली असेपर्यंत बेस चालूच राहतो आणि बॅटरी उतरते, वाजवून झालं की वायर काढा. मी म्हटलं, वाजवतच नसेन तर उतरेल कशी? ही म्हणाली, तेच तर म्हणतेय, वाजवतच नाहीस.
संसारात हे असं बोलणं ऐकून घ्यावं लागतं.

६ मार्च, गुरुवार
सासरेबुवांनी उच्छाद मांडलाय. बस डेपोत वेळापत्रकं आखण्यात जन्म गेला त्यांचा. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आले तेव्हा वेळ जावा म्हणून मीच जुना बेस हातात दिला. वर्ष झालं, रोज सकाळी वॉशिंग मशीनच्या ठेक्यावर आमच्या बँडचीच गाणी वाजवतात. कपडे पिळताना मशीन वेग धरतं, हे धरत नाहीत. ही दाराशी उभी राहून कौतुकाने ऐकते. माझं डोकं उठतं.

७ मार्च, शुक्रवार
सकाळी कप्तान घरी आला. उद्या हॉटेलचा मॅनेजर स्वतः ऐकणार आहे. पसंत पडलं तर वर्षभर दर शनिवार आपला, नाहीतर दुसरा बँड. आणि बेसने पुन्हा दगा दिला तर आमच्या बँडला दुसरा बेसवाला.
आठवडाभर मी विमा कार्यालयात शिक्के मारतो. शनिवारी तेवढा माणसात येतो. तेही गेलं तर उरलं काय?
जाताना म्हणाला, मघाशी जिन्यात उभा राहून ऐकत होतो, घरी इतकं नेटकं वाजवतोस, मग स्टेजवर कुठे माती खातोस? सासरेबुवा तोवर बेस ठेवून आंघोळीला गेले होते. मी नम्रपणे मान झुकवली. बोललो काहीच नाही, त्यामुळे खोटं बोलण्याचा प्रश्नच आला नाही.

८ मार्च, शनिवार, दुपार
तयारी चोख. बुटांना पॉलिश. वायर सोमवारपासून खोचलेलीच आहे. वाजवून बघितला नाही, उगाच बॅटरी का जाळा? ही म्हणते, जुना बेसही गाडीत असू दे. असू दे म्हटलं, डिकी रिकामीच आहे. बापलेक दोघं ऐकायला येणार आहेत. येऊ देत. बघू देत.

९ मार्च, रविवार
लिहवत नाही.
पहिल्याच गाण्यात नवा बेस मुका. कप्तानाने डोळे वटारले. हिने जुना आणून दिला. लावला. दणदणीत आवाज! तिथेच घात झाला. मी जे जे वाजवलं, ते ते सगळ्यांना ऐकू आलं. हा बेस काही म्हणजे काही झाकून घेत नाही. मॅनेजरचा चमचा तोंडापाशी थांबला.
मध्यंतरात कप्तानाने विचारलं, काल जिन्यात ऐकलं ते कोण वाजवत होतं? मी छताकडे बघितलं. हिने वडिलांकडे.
उत्तरार्ध सासरेबुवांनी वाजवला. खुर्चीवर बसून, शर्टाचं वरचं बटण लावून. एक सूर इकडचा तिकडे नाही. मॅनेजर पायाने ताल धरत होता. वर्षभराचे शनिवार मिळाले. बँडला.
हार मानणार नाही. आजच नवी बॅटरी घातली, वायर खोचून ठेवली. रोज सराव. उद्यापासून.

१५ मार्च, शनिवार, संध्याकाळ
आठवडा गडबडीत गेला.
कप्तान गाडी घेऊन आला. खालूनच हाक मारली, बाबा, चला! वेळापत्रकवाले आधीच बूट घालून दारात उभे. निघताना थांबले. म्हणाले, जावईबापू, बेस तुमचाच आहे, तुमची हरकत असेल तर मी नाही जात. मी म्हटलं, छे, छे, वाजवा की. बेसची पिशवी मीच त्यांच्या खांद्याला अडकवली. हीही गेली ऐकायला.
घर सुनं झालं. वाईट वाटतंय, स्पष्टच लिहितो. मीच वाजवायला हवं होतं.
शेवटी वॉशिंग मशीन लावलं. कपडे नव्हते, रिकामंच लावलं. नवा बेस गळ्यात अडकवला, ठेका पकडला, तार छेडली.
आवाज नाही.
वायर रविवारपासून आत होती. काढून ठेवली आणि मशीन थांबेपर्यंत तिथेच बसून राहिलो.