बादलवर टर्बोची टेस्ट

२ जानेवारी २०२४, सकाळी
नवीन डायरी. संकल्प एकच. शंकरपटावरची बंदी उठली, आता औंदा गावच्या पटात माझ्या बादल-फौजी बैलजोडीचा छकडा मीच हाकलणार अन् पयला नंबर आणणार. माझा साळा भैयालाल म्हणते, मले हाकलू द्या, भाटवे, तुमचं वजन जास्त आहे. वजनानं काय होते? डोकं लागते. भैयालाल बैलायले चुचकारत बसते. चुचकारून कोणी पट जिंकते का?

६ जानेवारी
फॉर्म्युला तयार. मिरची, अदरक, कापूर, बाम. नाव टर्बो. बैलाच्या मांडीले लावायचा, बैल सुटलाच पायजे. पण डायरेक्ट बादलवर नाई. आपण सायंटिफिक माणूस. मोठ्या कंपन्या उंदरावर टेस्ट करतात. मले उंदीर भेटला नाई, कोंबडा भेटला.

दुपारी
कोंबडा तोंडावर आला. भुवईले तीन टाके. स्पीड जबरदस्त. टेस्ट पास.

९ जानेवारी
बकरी. बायको गुणाबाईनं घरातून इचारलं, बकरी काहून वरडून राहिली? म्या म्हटलं, संशोधन चालू आहे. तेवढ्यात बकरीनं पोटात टक्कर मारली, मी शेणखड्ड्यात. बायको तवापासून बोलत नाई. या घरात विज्ञानाले सपोर्टच नाई.

१४ जानेवारी
मेन टेस्ट. मोबाईल खिडकीत उभा केला, रेकॉर्डिंग चालू. बादलच्या मांडीले टर्बो लावला. त्यानं लात मारली. माझं टाळकं सरकलं. बैल हाकाच्या तुतारीच्या काठीनं दोन-चार फटके दिले, शिस्तीसाठी. खिळ्याची बाजू लागली नसन. व्हिडिओ फेसबुकवर टाकला. 'तुलाराम रिसर्च, देशी टर्बो.' आता भंडाऱ्यावरून ऑर्डरी येतीन.

१६ जानेवारी
अकरा हजार लोकायनं पायला. कमेंट वाचल्या. वाचाले नाई पायजे होत्या. एकजण लिहिते, सव्वीस फटके मोजले. लोकायले वाढवून सांगाची सवय. म्या स्वतः मोजले. तेवीस.

१७ जानेवारी, सकाळी
पोस्ट डिलीट. विषय संपला.

१७ जानेवारी, सकाळी, जरा उशिरा
पवनीच्या मावसभावानं तोच व्हिडिओ पाठवला. खाली इचारलं, हा तूच का?

१८ जानेवारी
पवनीवाल्याले डिलीट कराले लावलं. त लाखांदूरवरून आला. कोणीतरी त्याले गाणं जोडलं आहे. एसटीत कंडक्टर तिकीट फाडता फाडता एकदा मोबाईल पाये, एकदा मले. सुटे पैसेही वापस दिले नाई त्यानं.

२० जानेवारी
पटासाठी सर्टिफिकेट लागते म्हणून गुराच्या डॉक्टर रश्मी मॅडमकडे बादलले नेलं. त्यायनंही व्हिडिओ पायला होता. म्या कंपन्यायच्या उंदरायचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, तिथं दवाईसाठी करतात, परवानगी काढून करतात, तरी लोक जाब इचारतात. या बैलाले कोणता रोग होता, तुलारामजी? म्या म्हटलं, स्लो आहे. त्यायनं बादलच्या पाठीवरचे वळ साफ केले अन् सांगितलं, एवढाच भरोसा असन त तुमच्यावर लावून पाहा. सर्टिफिकेट वळ सुकल्यावर.

२१ जानेवारी
चॅलेंज घेतला. सायन्ससाठी स्वतःच्या मांडीले टर्बो लावला. पुढचं नीट आठवत नाई. तळ्यात उतरलो तेव्हा ढिवर जाळं ओढून राहिले होते. मी जाळ्यात, मासोळ्या बाहेर. बाबूलाल ढिवरानं दोन झापडा हाणल्या, तिसरी त्याच्या भावानं. हाही व्हिडिओ निघाला. हा दुसऱ्याच्या मोबाईलवर आहे, म्हणून माझ्याच्यानं डिलीट होत नाई.

२९ जानेवारी
वळ सुकले, सर्टिफिकेट भेटलं. पण पट कमिटीचे श्यामराव घरी आले, म्हणाले, जोडी पळन, पण भैयालाल हाकलन, तुमी जोडीजवळ दिसले नाई पायजे, नाई त पटाचं नाव खराब होईन. म्या चहा देला, मान हालवली. पटाच्या सकाळी पाहू. बैल कोणाचे? माझे.

३ फेब्रुवारी
आयडिया. माफीचा व्हिडिओ. बादलच्या गळ्यात हात टाकून हसत बोलाचं, बस, पब्लिक खुश. गोठ्यात गेलो, मोठ्यानं हाक मारली, 'बादल!' त्यानं दोरी तोडली. शिंग बरगडीत बसलं. खाली पडलो, त वरून अजून एक. गुणाबाई मधात आली. तिले हात लावला नाई त्यानं. तिच्या खांद्यावर मान टाकून धापा टाकत उभा राहिला.

म्या पडल्या पडल्या शिव्या देल्या. माजला आहे साला, खाटकाले देतो.

गुणाबाई म्हणाली, "माजला नाई तो. त्या दिवसापासून तुमचा आवाज आयकला का उभ्या उभ्या मुतते. पाहा खाली."

म्या खाली पायलं. तो अजून मुतूनच राहिला होता.

४ फेब्रुवारी, पट
दोन बरगड्या गेल्या. पट्टा बांधून मंडपामागं बसलो, जोडीले दिसणार नाई असा. भैयालालनं छकडा काढला. सारं गाव उठलं, बादल, बादल करून वरडाले लागलं. माझ्याही तोंडात आलं होतं. म्या तोंडात दुपट्टा कोंबला अन् जोडी पार होईपर्यंत तसाच बसून राहिलो.