नव्वद दिवसांचं कुलूप

ता. ४ जून

चि. बाळ्या,
आक्काचे पोटभर आशीर्वाद. घसा कसा आहे? डॉक्टरांनी तुझा आवाज काढून घेतला, पण अक्षर अजून भांडखोरच आहे, त्यामुळे मला करमतं.

बातमी वाईट आहे, बसून वाच. माझी बचत बँक बुडाली. सोमवारी पैसे काढायला गेले तर शटर खाली आणि शटरवर नोटीस. ठेवींना विमा आहे, ठराविक रकमेपर्यंत भरपाई मिळेल, पण अर्ज ऑनलाइनच करायचा, असं लिहिलंय. शेजारच्या पायरीवर एक गृहस्थ लॅपटॉप मांडून बसले होते. आजी, खातं सांगा, फोनवर येईल तो नंबर सांगा, पाच मिनिटांत काम करून देतो, म्हणाले. त्यांनी आजी म्हटलं म्हणूनच मी तिथून निघाले, नाहीतर सांगूनही बसले असते.

तीस तारखेला मी निवृत्त होतेय. तेहतीस वर्षं इस्पितळाच्या शिवणखात्यात विरलेल्या चादरी मधोमध फाडल्या, धड कडा आत घेऊन जोडल्या, गाऊनच्या नाड्या लावल्या. आता त्याच दिवशी इस्पितळाची ही खोलीही सोडायची. बाजारामागची खोली ठरवून ठेवलीय, तिच्या मालकीणबाईंना तीसच्या आत अनामत हवी. आणि माझं जे काही आहे ते त्या शटरच्या आत आहे. मला भीती वाटते रे. तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या चिरंजिवांना कळवू नकोस. चार वर्षांपूर्वी फ्रीज दुरुस्तीच्या दुकानासाठी त्याने हीच ठेव मागितली, तेव्हा मी म्हटलं होतं, म्हातारपणी मला बँक सांभाळेल, तू नाही. तो ताटावरून उठून गेला तो गेलाच. आता कुठल्या तोंडाने सांगू?

औषध वेळेवर घे, आणि माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आक्का

ता. ८ जून

ती. आक्कास,
बिनआवाजाच्या भावाचा सा. न. वि. वि.

हातपाय गाळू नकोस. पायरीवरच्या त्या गृहस्थाला काही दिलं नाहीस ते उत्तम केलंस. आयुष्यभर दुकानदारांची वजनं तपासली मी. आधी शिक्का बघायचा, मग काटा. नोटिशीवर छापलेला वेबसाइटचा पत्ता जसाच्या तसा उतरवून पाठव, ताडून बघतो. फोनवर कुणी दुसरा पत्ता दिला, अर्जाची फी मागितली, किंवा घाई केली, तर तो चोर. फोनवर येणारा नंबर कुणालाही सांगायचा नाही.

मी इथे कॉम्प्युटरवर अर्ज अर्धा भरून पाहिला, पेपरातल्या सरकारी नोटिशीत आला होता तोच पत्ता घेऊन. तुझ्या पासबुकाची नक्कल माझ्याकडे होतीच. पैसे तुझ्या पगाराच्या खात्यात येतील, ते निराळ्या बँकेत आहे हे नशीब. अर्ज बरोबर निघाला तर आठवड्यात. पण आक्का, घोडं अडलंय. तो नंबर तुझ्या डबड्या फोनवर येत नाही. खातं उघडताना तुझ्याकडे फोन नव्हता, म्हणून चिरंजिवांनी फॉर्मवर स्वतःचा नंबर घातला होता. बदलायचा तर शाखेत जावं लागतं, आणि शाखेला टाळं.

म्हणजे त्यालाच विचारावं लागणार. माझे मेसेज तो उघडत नाही, मी तुझी बाजू घेतली तेव्हापासून, आणि बोलायला माझ्याकडे घसा नाही. तेव्हा असं कर. मंगळवारी तेरा तारखेला बरोबर अकराला मी बटण दाबतो. त्याला नंबर जाईल. तुझ्या डबड्यावर भरवसा नाही, तू शिवणखात्यातल्या फोनवरून त्याला विचार आणि लगेच मला फोन करून वाचून दाखव. मी उतरवून घेतला की रिसीव्हरवर चमचा दोनदा वाजवीन. सगळ्याला मिळून दहा मिनिटं आहेत. तीनदा चुकलं तर अर्ज बंद होतो, म्हणून रागावून बोलू नकोस.

ज्याचे कान अजून शाबूत आहेत असा,
तुझा बाळ्या

ता. १५ जून

चि. बाळ्यास,
आशीर्वाद आहेतच, आज थोडे ओले आहेत.

मंगळवारी काय झालं ते तुला कळायला हवं. सकाळपासून तीन चादरी उलट्या शिवल्या. अकराला फोन लावला. त्याने उचलला. आवाज तस्साच आहे, जरा जाड झालाय. मी म्हटलं, आई बोलतेय, तुझ्या फोनवर आत्ता एक नंबर आला असेल तो सांग. चार वर्षांत पहिल्यांदा बोलले आणि पहिलं वाक्य हे. तू रागावू नको म्हणालास, रागावले नाही, पण माझी नजर घड्याळावर होती.

तो शिव्या देता तर बरं झालं असतं. अगदी शांतपणे म्हणाला, अहो बाई, हे धंदे मला माहीत आहेत, हल्ली आईचे आवाजसुद्धा काढतात. माझी आई उपाशी राहील, पण मला फोन करणार नाही. आणि ठेवला.

मी पुन्हा लावू शकले असते. लहानपणची एखादी खूण सांगितली असती तर ओळखलं असतं त्याने. पण तो म्हणाला ते खरं होतं, बाळ्या. मग तुला फोन लावला आणि गप्प बसले. तू चमचा वाजवत होतास, मला ऐकू येत होतं. तू बोलू शकत नाहीस, मी बोलत नव्हते, आणि दहा मिनिटं गेली.

मालकीणबाई काल विचारून गेल्या. मी हसून वेळ मारून नेली. इथल्या भिंतींकडे बघते तेव्हा वाटतं, पुढेही दार नाही आणि मागेही नाही.

तुझी माया आटवू नकोस, एवढंच.
आक्का

ता. १८ जून

ती. आक्कास,
हात जोडून सा. न. वि. वि.

रडून झालं असेल तर कागद घे. आवाजाची नक्कल होते, पण तुझं ते उजवीकडे कलंडलेलं अक्षर कुणाच्या बापाला जमणार नाही. त्याला पत्र लिही. सगळं लिही, बँक, खोली, तीस तारीख. नंबर मागू नकोस, अर्ज त्यालाच भरू दे. दोन प्रयत्न शिल्लक आहेत. आणि हे मी सांगतोय म्हणून लिहू नकोस, तुला लिहावंसं वाटत असेल तरच लिही. पण आजच्या आज टाक.

उत्तराची वाट बघून मान दुखलेला,
बाळ्या

ता. २४ जून

ती. आईस,
सा. न. चार वर्षांचा एकदम.

तुझं पत्र दुकानात आलं. पाकीट बघूनच कळलं. म्हणजे त्या दिवशी फोनवर ती तूच होतीस.

आई, मी एक करून बसलोय. हा नंबर मी इतकी वर्षं बदलला नाही, कारण तो तुझ्या खात्याला जोडलेला होता. बँक बुडाल्याचं वाचलं होतं. त्या मंगळवारी नंबर आला, पाठोपाठ फोन आला, मला वाटलं कुणीतरी तुझ्या पैशांवर टपलंय. मी दुकान सोडून नोटिशीतल्या मदतीच्या फोनवर तासभर थांबलो आणि माझ्या आईचा अर्ज चोरांच्या हाती लागतोय, बंद करा, असं सांगितलं. त्यांनी केला. काल पुन्हा फोन करून हाता-पाया पडलो. पण आता तू स्वतः कागदपत्रं घेऊन त्यांच्या मुख्य कचेरीत जायचंस, आणि तिथून पुढे नव्वद दिवस. पैसे सुरक्षित आहेत गं. इतके, की आपल्यालाही मिळत नाहीत.

अनामतीएवढे पैसे माझ्याकडे नाहीत, सगळे दुकानात अडकलेत. दुकानामागे एक खोली आहे, दिवसभर कॉम्प्रेसर घरघरतो. तीस तारखेला नऊला टेम्पो घेऊन येतो. येतेस का असं विचारत नाही, तू नाही म्हणशील.

रागावलीस तरी चालेल, पण तयार राहा.
तुझा मुलगा

ता. २६ जून

चि. बाळ्या,
आशीर्वाद घे आणि सोबतचं चिरंजिवांचं पत्र वाच.

मालकीणबाईंना खोली नको म्हणून कळवलं. सामान बांधलं. शिवणखात्याने निरोपाला कात्री दिली.

तू खूश होशील, आई-मुलगा एकत्र आले म्हणशील. मलाही आनंद झालाय, खोटं कशाला बोलू? पत्र तीनदा वाचलं, रडलेही. पण बाळ्या, माझी ठेव हातात असती आणि मी आपण होऊन त्याच्या दारात गेले असते, तर त्याला कळलं असतं की आई माझ्यासाठी आलीय. आता मी त्याच्यासाठी जातेय की दुसरी जागा नाही म्हणून, हे तो कधी विचारणार नाही, आणि मी हजारदा सांगितलं तरी त्याला खरं वाटणार नाही.

नवा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. तुझ्या पत्राची वाट बघेन.
आक्का