घाटातली गाडी

दादा,

तू पाठवलेलं गिऱ्हाईक काल येऊन गेलं. बाबांची जुनी शर्यतीची गाडी त्याने सरळ रस्त्यावर पळवली आणि म्हणाला, "हिच्यात दम नाही, ताई." तुमच्याकडे रस्ते लांब आणि सपाट, म्हणून तिथे मोठ्या इंजिनाला मान. आमच्या घाटात वळणामागून वळण येतं, म्हणून इथे सगळ्यांचा जीव या हलक्या, बुटक्या गाडीवर. हे मी त्याला सांगितलं नाही. घाटात नेऊन दाखवलीही नाही.

गाडी गेली की माझा व्याप कमी होईल, असं तुला वाटतं. खरंच थकलेय रे मी. बाबांना उठवायचं, भरवायचं, मग गॅरेज उघडायचं. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते एक शब्द बोललेले नाहीत. पण सुट्टीच्या दिवशी मी त्यांना शेजारी बसवून घाटात नेते. वळण आलं की त्यांचा धड हात माझ्या हातावर येतो आणि माझ्याआधी गिअर बदलतो. वर पोचेपर्यंत तो हात तिथेच असतो.

हे वाचून तू रडशील आणि लगेच निघून येशील, म्हणून पत्र पाठवत नाही. फोनवर एवढंच सांगेन, गिऱ्हाईकाला गाडी पसंत पडली नाही.

तुझी,
धाकटी