टाकीवरच्या दगडासाठी मजकूर

ता. ६, सोमवार, दुपार

प्रिय ताई,

अनेक आशीर्वाद. वयाने तू माझ्या लेकीएवढी, पण सगळी वस्ती तुला ताई म्हणते, मग मी एकटीनेच वेगळं काय म्हणायचं? मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण शिलाई मशीन पायाचं असल्यामुळे त्यांना सुट्टी नाही. संस्थेच्या मोठ्या ऑफिसात बदली झाल्यापासून तू वाळलीस, असं तुमचा ड्रायव्हर सांगत होता. वेळेवर जेवत जा गं.

तुझा लिफाफा त्यानेच आणून दिला. रविवारी टाकीचं उद्घाटन, टाकीच्या भिंतीवर संगमरवरी दगड, आणि त्यावर आम्हा चौघांची नावं. "ज्यांनी घरोघरी मोजणी केली आणि ज्यांच्यामुळे हे पाणी आलं, त्यांचे मनःपूर्वक आभार." खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पहिला आपला नळवाला, ज्याला सगळे पाना म्हणतात तो, मग गवंडी, मग बालवाडीच्या बाई आणि शेवटी मी. नावं तपासून, खाली सही करून कागद परत पाठवा, शुक्रवारी कोरायला घेणार, असं तू लिहिलं आहेस.

नावं बरोबर आहेत. पण ताई, ती नकोतच. गवंडी लाजतो. बालवाडीच्या बाईंना मिरवलेलं आवडत नाही. आणि माझं म्हणशील तर दगडावर नाव मेल्यावर येतं, मला एवढी घाई नाही. नुसतं "वस्तीतील सर्वांचे आभार" लिही. सगळे खूश, कुणाचं नाव राहिलं म्हणून रुसवेफुगवे नाहीत.

यावर फोन मात्र करू नकोस. आमच्या भिंती तुला माहीत आहेत. मी शिंकले तर तिसऱ्या खोलीतून विचारतात, सर्दी झाली का? हे लिहितानाही मी मधूनमधून रिकामंच मशीन चालवते आहे, नाहीतर शेजारीण डोकवायला येईल.

पाणी छान येतं. सकाळी दोन तास. बादल्यांची भांडणं बंद झाली, त्यामुळे सकाळी करमत नाही एवढंच. पाना बरा आहे. हल्ली फारसा बाहेर पडत नाही. हाताला काम कमी आहे म्हणे.

तुझी,
शिवणवाली मावशी


ता. ८, बुधवार

प्रिय ताई,

तुझं उत्तर मिळालं. रागावलीस ना? चार महिने उन्हातान्हात टेप घेऊन तुम्ही फिरलात, तुमची नावं यावीत म्हणून मी वरच्या लोकांशी भांडले, आणि आता तुम्हीच नको म्हणता, असं लिहिलंस. तुझं बरोबरच आहे. पण माझं म्हणणं भीक नको पण कुत्रा आवर अशातलं आहे. मी तुला सगळं लिहिलं नव्हतं. आता लिहिते.

दोन आठवड्यांपूर्वी पालिकेची माणसं आली आणि एक्केचाळीस खोल्यांच्या दारांवर चिठ्ठ्या चिकटवून गेली. वाढीव बांधकाम पाडणार. महिन्याची मुदत. चिठ्ठीत प्रत्येकाचा वाढीव भाग लिहिलेला आहे, फूट आणि इंचासकट. इस्त्रीवाल्याचा तीन फूट चार इंच. त्याचं टेबल तेवढ्यातच बसतं गं, ते गेलं तर तो इस्त्री करणार कुठे? पालिकेचा एकही माणूस टेप घेऊन इथे कधी आलेला नाही. टेप घेऊन फिरलो ते आम्ही चौघं. चिठ्ठ्या लागल्या त्याच संध्याकाळी सगळ्यांना ते कळलं.

तुला आठवतं, तुमचा लोखंडी टेप कोपऱ्यात वळेना, तेव्हा मी गळ्यातला कापडी टेप काढून दिला होता. पाइप किती लागेल ते काढायचं तर भिंत खरोखर कुठे संपते ते मोजायला हवं होतं. कुणी चूल पुढे काढलेली, कुणी मोरी, कुणी पोरांना अभ्यासाला आडोसा केलेला. लोक कचरत होते. आपण दारोदार शब्द दिला, ही मोजणीची वही वस्तीबाहेर जाणार नाही. म्हणून त्यांनी मोजू दिलं. आणि मी इंच न् इंच खरा लिहिला. गिऱ्हाईक कमरेचं माप चोरून सांगतं, पण माझ्या टेपाने कधी कुणाची भीड धरलेली नाही. तीस वर्षांची खोड, जाणार कुठे?

चिठ्ठी माझ्याही दारावर आहे. मशीन ठेवायला पुढे काढलेली पडवी, चार फूट दोन इंच. म्हणून माझ्यावर कुणाचा संशय नाही. येणारी जाणारी उलट माझीच कीव करते. गवंडी आणि बालवाडीच्या बाई, त्यांच्याही दारांवर चिठ्ठ्या आहेत. पानाच्या दारावर नाही. त्याने एक वीटसुद्धा पुढे काढलेली नव्हती, मग चिठ्ठी कशाची येणार? शिवाय पाइपच्या परवानगीसाठी पालिकेत खेटे घालायचा तोच. झालं. वस्तीने हिशेब जुळवून टाकला.

आधी त्याला कामं द्यायची बंद केली. मग त्याच्या अवजारांची पिशवी गटारात सापडली. त्याची पोरगी नळावर आली की बायका बादल्या उचलून चालायला लागतात. आणि परवा, सोमवारी सकाळी, त्याच्या कडीला कापलेल्या टेपचा तुकडा बांधलेला होता. पोरगी तो घेऊन माझ्याकडे आली. "मावशी, हा तुमचा का?" माझा नव्हता, माझा पाच फुटांतच संपतो. मी पाहिला, तर बरोबर पाच फूट सात इंचांवर कापलेला. पानाची उंची तेवढीच आहे. त्याचे शर्ट मीच शिवते, मला माहीत नसेल तर कुणाला? पोरीला घरी धाडलं. त्यानंतरच तुला ते पहिलं पत्र लिहायला बसले होते.

संध्याकाळी माणसं टाकीपाशी जमतात. मोठ्याने कुणी बोलत नाही, त्याचीच भीती जास्त वाटते. इस्त्रीवाला माझ्या दारात उभा राहून अगदी शांतपणे म्हणाला, "दगड बसू दे मावशी. कुणाकुणाचे आभार मानतायत ते वाचू, मग बघू." आणि तुझ्या मजकुरात सगळ्यात वर पानाचं नाव आहे.

म्हणून म्हणते, नावं काढ.

तू विचारलंस, वही तुमच्या पेटीतच आहे ना? पेटीला कुलूप आहे, ताई. किल्ली माझ्या कमरेला आहे.

तुझी,
मावशी


ता. ९, गुरुवार, सकाळ

ताई,

ड्रायव्हर बाहेर गाडी पुसत थांबला आहे. तुझी चिठ्ठी वाचली. "मावशी, वही लगेच याच्याबरोबर पाठवा. ती आपल्याकडेच होती हे मी सगळ्यांसमोर दाखवते, पाना सुटेल." तुझ्या डोक्यात चटकन आलं ते. कुणाच्याही आलं असतं. तीन दिवस मला याचीच धास्ती होती.

पेटीत वही नाही. वही मी दिली.

तू बदलून गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात पालिकेतल्या धाकट्या साहेबांचा निरोप आला. टाकीची मंजुरी अडली आहे, मोजणी बघायची आहे, तुम्हीच या. मी वही घेऊन गेले. ताई, त्यांनी मला खुर्ची दिली. पंखा माझ्याकडे वळवला, चहा मागवला. पान पान उलटून बघितलं आणि म्हणाले, "इतकं नेमकं काम आमच्या इंजिनियरला जमत नाही. बाई, तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे." तीस वर्षं लोकांचे कपडे शिवते मी. बाही घट्ट झाली, गळा मोठा झाला, याच्यापलीकडे माझ्या कामाबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नाही. त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढले. वही दोन दिवस राहू द्या म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या ना. घरी येताना मी स्वतःशीच हसत होते, इतकी मूर्ख मी.

तू निघताना हात धरून सांगितलं होतंस, वही कुणालाही दाखवू नका. आठवलं होतं मला. त्या खुर्चीत बसल्या बसल्या आठवलं होतं. वाटलं, ताई कुणालाही म्हणाली, साहेब म्हणजे कुणीही थोडेच? नंतर दोनदा वही मागायला गेले. पहिल्यांदा म्हणाले पुढच्या आठवड्यात. दुसऱ्यांदा शिपायाने जिन्यावरूनच परत पाठवलं.

आता सगळ्यात वाईट. त्या दिवशी पालिकेच्या जिन्यात मला पाना भेटला होता. त्याने माझ्या काखेत वही बघितली. मी म्हटलं साहेबांनी बोलावलंय, तर तो बरं म्हणून खाली उतरून गेला. म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. अवजारं गटारात गेली तेव्हा माहीत होतं, टेप कडीला बांधला तेव्हाही. तरी त्याच्या तोंडातून माझं नाव निघालेलं नाही.

काल तुझ्यासाठीचं पत्र ड्रायव्हरकडे दिलं आणि धीर करून पानाकडे गेले. त्याने दार चार बोटं उघडलं. मी म्हटलं, मी सांगते सगळ्यांना. तो म्हणाला, "मावशी, तुमच्या दारावर चिठ्ठी आहे. तुम्ही गप्प राहा. दोघांनी कशाला मरायचं?" आणि दार लावलं.

मी परत आले. आणि ताई, मला सुटल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं. चहा टाकला, प्यायले, एक बाही जोडली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे, आणि चोर घरात बसून बाही जोडतोय. स्वतःची इतकी किळस मला आयुष्यात आली नव्हती.

तू म्हणशील, मग तोंडाने सांगून टाका. आज सकाळपासून तीनदा चपला घातल्या. पहिल्यांदा नळापर्यंत गेले, दुसऱ्यांदा इस्त्रीवाल्याच्या टेबलापर्यंत. त्याने वर बघितलं आणि मी विचारलं, कॉलरला कांजी आहे का? तिसऱ्यांदा उंबऱ्यातूनच मागे फिरले. मी भित्री आहे गं. त्या प्रत्येक माणसाची मापं मी घेतली आहेत. इस्त्रीवाल्याचं मनगट साडेसात इंच आहे. असले हात माझ्या दारावर पडले तर ही फळी किती टिकेल ते मला कळतं. मी एकटी बाई. मशीन उचलून फेकलं तर पोटाला काय? आणि ते मारणार नाहीत कदाचित, नुसते बोलायचे थांबतील. त्याची भीती मला माराहून जास्त वाटते.

म्हणून तोंडाने माझ्याकडून होणार नाही, आज नाही आणि उद्याही नाही. दगडावर असलं तर मला मागे फिरता येणार नाही.

तुझा कागद सोबत परत पाठवते आहे. पाना, गवंडी आणि बाई, तिघांची नावं मी खोडली आहेत आणि खोडलेल्या प्रत्येक नावाशेजारी सही केली आहे. वरचा मजकूरही काट मारून नवा लिहिला आहे. तो असाच्या असा कोरायला सांग :

"घराघरांची मोजणी करून ती वही पालिकेच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिल्याबद्दल आभार."

खाली माझं पूर्ण नाव घाल. एकटीचं. खोलीचा नंबरही टाक, म्हणजे दुसरी कुणी माझ्या नावाची निघायला नको.

तुझी वरची माणसं म्हणतील असले आभार कुणी मानतं का. त्यांना सांग, बाईने मागितले आहेत. वही आपण कशासाठी केली आणि ती कुठे वापरली गेली ते तुमच्या ऑफिसने पालिकेला लेखी विचारावं. चिठ्ठ्या थांबतील की नाही, देव जाणे. पण विचारा तरी. आणि पानाला व पोरीला आजच याच गाडीतून तुझ्याकडे बोलावून घे. तुमच्या ऑफिसातला नळ गळतोय म्हणावं. कामाचं म्हटलं की तो येईल, जीव वाचवायला म्हटलं तर यायचा नाही.

मला समजवायला फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला तर मी मजकूर बदल म्हणेन, आणि तू बदलशील.

रविवारी पडदा बाजूला होईल तेव्हा मी दगडाच्या शेजारी उभी राहीन. निदान तसं ठरवलं आहे. तू जरा लवकर ये, ताई. आणि गाडी फार लांब लावू नकोस.

तुझी,
मापं घेणारी आणि मापं देणारी,
मावशी