नवव्या फेरीचा शब्द

हार्लन क्रीक, कॅन्सस
९ जुलै

चि. कोरीन हिस अ. उ. आ.

प्रभुकृपेने इकडे क्षेम आहे. तुझे पत्र येऊन महिना लोटला. बेसबॉलच्या क्लबात हिशेब सांभाळणाऱ्यांना जुलैत श्वास घेण्याचीही परवानगी मागावी लागते असे तू मागे लिहिले होतेस, म्हणून रागावलो नाही. मात्र तुझ्या वाटचा चेरीचा जॅम मी एकट्याने संपवला, ही शिक्षा समज.

आता बातमी. व्हर्नाचा लेलंड तुला आठवत असेल. तू रविवारच्या शाळेत शिकवीत असताना तो खिडकीतून चर्चच्या घंटेवर खडे मारीत असे, आणि त्याचा नेम तेव्हाही चुकत नसे. यंदा त्याचे कॉलेज संपले. चारही वर्षे तो कॉलेजच्या संघात चेंडू फेकणारा पिचर होता. परवा माझ्या स्वयंपाकघरात टेबलाचा डुगडुगणारा पाय बसवीत असताना त्याचा फोन वाजला. पलीकडे तुझ्याच क्लबातले कोणी गृहस्थ होते. पुढच्या आठवड्यात तुला निवडले तर किती पैशांवर सही करशील, असे त्यांनी विचारले. लेलंड म्हणाला की बसभाडे दिलेत तरी निघतो. ते गृहस्थ हसले आणि म्हणाले की दहा हजार डॉलर देऊ, पण आत्ता शब्द दे, मागाहून कुरकुर चालणार नाही. मुलाने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्याने शब्द दिला.

व्हर्ना अजून मांसाच्या कारखान्यातच आहे. हाडावरून मांस सोडवणाऱ्यांच्या रांगेत ती इतकी वर्षे उभी आहे की तिची बोटे सुरी नसतानाही मुठीच्या आकारात वाकलेली राहतात. सकाळी गरम पाण्यात धरल्याखेरीज उलगडत नाहीत. बेसबॉलचा पहिला पैसा हाती आला की आईला त्या रांगेतून बाहेर काढायचे, हा लेलंडचा एकच ध्यास आहे. दहा हजारांत ते घडेल किंवा नाही, हे मला उमगत नाही. तुला उमगेल, म्हणून विचारतो.

वडीलकीचा अधिकार गाजवणारा आणि तुला नित्य प्रार्थनेत आठवणारा,
तुझा काका अँब्रोज

*

लुईव्हिल, केंटकी
१२ जुलै

ती. काकांस कोरीनचा सा. न. वि. वि.

जॅमच्या शिक्षेविरुद्ध वरच्या न्यायालयात दाद मागेन. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र टाळत नाही.

दर जुलैत सगळे क्लब पाळीपाळीने, फेऱ्या करून, नवे खेळाडू निवडतात. पहिल्या दहा फेऱ्यांत निवडल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळाडूच्या जागेची किंमत आधीच ठरलेली असते. त्या साऱ्यांची बेरीज म्हणजे आमचे वर्षाचे भांडे. त्यातले कोणाच्या पानात किती वाढायचे हे आमच्या हाती. भांड्यात आहे त्याहून अधिक वाढले तर दंड होतो, आणि फारच वाढले तर पुढच्या वर्षीची पहिली निवड गमवावी लागते. शाळा संपवून आलेला मुलगा अडून बसू शकतो, कारण कॉलेज त्याची वाट पाहत असते. कॉलेज संपवलेल्याला मागे फिरायला जागाच उरलेली नसते. म्हणून नवव्या, दहाव्या फेरीत आम्ही असे मुलगे घेतो. जागेची किंमत एक लाख ऐंशी हजार असली तरी त्यांच्या हातावर दहा हजार ठेवतो आणि उरलेली रक्कम एखाद्या अडून बसलेल्या मुलापुढे सरकवतो. आमच्या कार्यालयात याला बचत म्हणतात. ती करणे हे माझे काम आहे आणि मी ते चांगले करते, असे सगळे म्हणतात.

तुमच्या टेबलापाशी वाजलेला तो फोन माझे वरिष्ठ गॅरेट पिंकनी यांचा. त्यांनी उच्चारलेला आकडा मी काढून दिला होता. लेलंडचे नाव पाहून हात थांबला होता, काका. पण नाव खोडले असते तर त्याला कोणीच घेतले नसते, याची मला खात्री होती.

यंदा आमचे सारे मन जॉर्जियातल्या केड मॅब्री नावाच्या अठरा वर्षांच्या पिचरवर आहे. त्याचे वडील म्हणतात की वीस लाखांखाली मुलगा पेनाचे टोपणही काढणार नाही. लेलंडच्या जागेतून वाचेल ते केडकडे जाईल. व्हर्नाबाईंना दहा हजार पुरणार नाहीत. कर जाऊन उरेल त्यात घराचे छप्पर होईल. रांग सुटणार नाही.

तुमच्या रागालाही पात्र असलेली,
कोरीन

*

हार्लन क्रीक
१६ जुलै

चि. कोरीन हिस अ. उ. आ.

तुझे पत्र वाचून ते घडी घालून ठेवले, कारण त्याच दिवशी नवव्या फेरीत लेलंडचे नाव पुकारले गेले आणि गावात दुःखाला बसायला जागा उरली नाही. कारखान्यातल्या बायकांनी व्हर्नाच्या डोक्यावरच्या टोपावर लाल रंगाने नऊचा आकडा काढला. मुकादमाने पुसायला सांगितला तर म्हणाल्या की तूच पूस, हिंमत असेल तर. खाणावळवाल्या ओडेलने लेलंडला विचारले की दहा हजार फक्त? माझ्या गंजलेल्या ट्रॅक्टरला याहून जास्त भाव येतो! त्यावर लेलंड म्हणाला की मग तुझा ट्रॅक्टरच पाठव, डावखुऱ्या पिचरला भाव जास्त असतो आणि निदान तो डाव्या हाताने तरी फेकेल. सारे हसले. व्हर्ना सर्वांत जास्त हसली.

मी हसलो नाही. बायबलातल्या द्राक्षमळ्याच्या त्या धन्याचा दृष्टांत मी पाळक म्हणून आयुष्यभर सांगत आलो. दिवस मावळताना आलेल्या मजुरालाही त्याने पूर्ण मजुरी दिली. परंतु त्यासाठी भर उन्हात राबलेल्याच्या ओंजळीतले काढून घेतले नाही. तुमचा मळा कोणत्या धन्याचा आहे, बाळ?

तुझ्यावर रागावण्याचे वय सरलेला,
काका

*

लुईव्हिल
१८ जुलै

ती. काकांस सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून जाळावे. माझा फोन क्लबचा आहे, त्यावर हे बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

केडला आम्ही निवडले, पण त्याच्या कोपराची तपासणी येत्या आठवड्यात आहे आणि डॉक्टरांचे चेहरे मला बरे दिसत नाहीत. कोपर खराब निघाले तर तो सही करणार नाही. मग त्याच्या जागेची किंमत भांड्यातून नाहीशी होईल. मात्र इतरांकडून वाचवलेले पैसे भांड्यातच राहतील. ते पुढच्या वर्षासाठी ठेवता येत नाहीत आणि एकदा सही केलेल्याला वाढवूनही देता येत नाहीत. देता येतील ते फक्त सही न केलेल्याला. बाकी सगळ्यांच्या सह्या होऊन गेल्या. लेलंड तेवढा राहिला आहे.

त्याने शब्द मोडू नये. एक पैसाही मागू नये. फक्त महिनाअखेरच्या मुदतीपर्यंत कागद टेबलावर पडू द्यावा. दात दुखतो म्हणावे, पेन सापडत नाही म्हणावे. पुढचे मी पाहते. त्याला एवढेच सांगा, काका. तुमचे तो ऐकतो.

कोरीन

*

हार्लन क्रीक
२२ जुलै

चि. कोरीन हिस अ. उ. आ.

तुझे पत्र सांगितल्याप्रमाणे चुलीत घातले. त्याआधी ते गुडघे टेकून प्रभूपुढे ठेवले होते.

तुझ्या लिहिण्यात प्रेम आहे, हे मी जाणतो. परंतु एका आजारी कोपराच्या बातमीवर दुसऱ्याने लाभाची वाट पाहत बसावे, आणि ज्या ओठांनी होय म्हटले त्यांनीच दातदुखीची सबब सांगावी, हे मी त्या मुलाला कोणत्या तोंडाने शिकवू? शब्द दिलेला असताना हात मागे ठेवणे म्हणजे अर्धा शब्द मोडणेच होय. शास्त्रातला एक सेनापती रणांगणावर जाताना, जिंकून परतल्यावर दारातून जे पहिले बाहेर येईल त्याचा बळी देईन, असा नवस बोलून बसला आणि घराच्या दारातून त्याची स्वतःची लेक नाचत बाहेर आली. त्याने वस्त्रे फाडली, पण बोललेले परत घेतले नाही. त्या कथेचा अर्थ मला कधीच पुरता लागला नाही. तरीही मी ती वाचणे सोडलेले नाही.

लेलंडला मी काही सांगितले नाही. काल चर्चच्या सभागृहात, पीच फळाच्या गोड पाईच्या ताटल्या बाजूला सारून, त्याने सही केली. साक्षीदार म्हणून खाली माझे नाव आहे. व्हर्नाला छायाचित्रासाठी पेन हातात धरायला सांगितले, तर ते तिच्या बोटांतून दोनदा निसटले. ती म्हणाली की सुरी असती तर बरोबर धरली असती.

तुला न दुखावता नकार देणे न जमलेला,
काका

*

लुईव्हिल
२ ऑगस्ट

ती. काकांस सा. न. वि. वि.

केडच्या कोपरातला स्नायुबंध फाटलेला निघाला. क्लबाने रक्कम निम्म्याने खाली आणली, वडिलांनी फोन आपटला आणि बोलणे संपले. मुलगा कॉलेजात जाईल. त्याच्या जागेची किंमत हवेत विरली. लेलंडकडून आणि आणखी तिघांकडून वाचवलेली रक्कम मात्र माझ्यासमोर तशीच होती. तिला आता कोणी धनी नव्हता.

मुदतीला तास उरला असताना पिंकनी माझ्या खोलीत आले. म्हणाले की मालक चिक्कू आहेत अशी वर्तमानपत्रांत ओरड होईल; कोणाची सही राहिली असेल तर त्यालाच सारे देऊन टाकू, निदान नाव तरी होईल. मग विचारले की कोणी राहिले आहे का.

मी म्हणाले की कोणीही राहिले नाही.

ते म्हणाले की वा, यंदा तुझे काम फारच चोख झाले. नंतर मी लेलंडचा करार पुन्हा उघडता येईल का म्हणून विचारले. ते आधी हसले, मग गंभीर झाले. म्हणाले की ठरल्याहून जास्त देतात अशी बातमी फुटली तर पुढच्या वर्षी एकही मुलगा फोनवर शब्द देणार नाही. आणि तसेही नियमात बसत नाही. पैसे मालकांच्या खात्यात परत गेले. कोणाचेही काही बिघडले नाही, असे ते जाताना म्हणाले.

तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहिले नाही. न लिहिता राहवले नाही एवढेच.

तुमच्याखेरीज कोणी वडील माणूस नसलेली,
कोरीन

*

हार्लन क्रीक
१७ ऑगस्ट

चि. कोरीन हिस अ. उ. आ.

तुझे पत्र मी जाळले नाही. ते धर्मग्रंथात ठेवले आहे, त्या सेनापतीच्या लेकीच्या पानावर. रोज तेथपर्यंत वाचतो आणि थांबतो.

लेलंड क्लबाच्या ऍरिझोनातल्या सरावाच्या छावणीत आहे. तेथे नवव्या फेरीचे नाव कोणाला ठाऊक नाही, असे तो लिहितो. ज्यांच्यावर क्लबाने मोठी रक्कम लावली आहे त्यांना आधी चेंडू मिळतो. याची पाळी दिवसाच्या शेवटी येते, कधी येतही नाही. वसंतापर्यंत ठेवतील अशी त्याला आशा आहे. आशा हा शब्द त्याने लिहून खोडला आहे आणि पुन्हा लिहिला आहे. करानंतर उरलेले सारे पैसे त्याने आईला पाठवले. छप्पर झाले.

गेल्या रविवारी नव्या पाळकाने मला प्रवचनाची विनंती केली. द्राक्षमळ्याचा दृष्टांत तयार होता. मी तो सांगू शकलो नाही, स्तोत्रे गाऊन वेळ काढली. व्हर्ना पहिल्या बाकावर होती. गीतांचे पुस्तक तिच्या हातात राहीना, म्हणून मी खाली उतरून ते तिच्यापुढे धरले. नंतर दाराशी तिने माझा हात आपल्या दोन्ही मुठींत धरला. म्हणाली की पैसा काय, येतो नाहीतर येत नाही. पण पाळकसाहेब, तुम्ही माझ्या पोराला शब्दाचा पक्का केलात, हे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी तिला काही सांगितले नाही. सांगावे तर कोणासाठी, हे अजून ठरलेले नाही.

आता रोज सकाळी मी माझ्या जुन्या गाडीतून तिला कारखान्यापर्यंत सोडतो. दाराचा खटका तिच्या बोटांनी दबत नाही, म्हणून मी उतरून, वळसा घालून, तिच्यासाठी दार उघडतो. ती माझे आभार मानते आणि आत जाते.

पुढच्या जुलैत तू पुन्हा फोनवर सांगायचे आकडे काढशील, हे मला ठाऊक आहे. ज्याला विचारशील तो एखाद्या म्हाताऱ्याकडे पाहील. त्याने काय करावे, हे तुला लिहायला बसलो होतो. मला ते सुचले नाही.

प्रेम तेवढे शिल्लक आहे, ते तुझेच समज.

तुझा काका अँब्रोज