फायटरला सलाइन

॥ श्री ॥

कर्जत,
२२ जानेवारी

चि. ईशानी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावामागे आता ‘सौ.’ लिहायचं की नाही, या विचारात थोडा वेळ पेन हातात धरून बसलो. शेवटी नुसतं ‘चि.’ ठेवलं. त्याला कोर्टाची हरकत नसावी. फोन केला असता, पण माझ्या कानांची तुला कल्पना आहे. मी ओरडतो, पलीकडचा ओरडतो आणि आमच्या घरातलं सगळं सोसायटीला कळतं. व्हॉट्सॲपवर माझं बोट एका अक्षराऐवजी तीन अक्षरं दाबतं. म्हणून हे पत्र.

विषय तुझा मासा. तू गेलीस तेव्हा टाकी टीव्हीशेजारीच राहिली. घटस्फोटानंतर आमच्या शौनकने पुण्याला बदली घेतली, त्यानेही ती नेली नाही. तेव्हा तो निळा फायटर आता माझ्या पदरात आहे. गेल्या आठवड्यात त्याचा जुना फिल्टर बंद पडला. दुकानदाराने नवा दिला, चांगला जोरदार आहे म्हणाला. बटण दाबलं आणि बिचारा मासा पाचोळ्यासारखा कोपऱ्यात फेकला गेला. सुटायला धडपडे, पुन्हा तिथेच. फिल्टर बंद केला, तर दोन-तीन दिवसांत पाणी गढूळ आणि वर दुधासारखी साय. चालू केला की मासा दमतो, बंद केला की पाणी दमतं.

सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात काढली. राजनाला कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचवलं. आता हे घागरभर पाणी माझं ऐकत नाही. मला खरोखर जाणून घ्यायचंय, एवढ्याशा टाकीत पाणी वाहायचं म्हणजे किती वाहायचं? आणि ते मोजायचं कसं?

या पत्राबद्दल घरात सरोजिनीला सांगितलेलं नाही. तुझं नाव निघालं की ती उठून आत जाते. रागावते असं नाही, नुसती जाते.

उत्तर सवडीने दे, पण मासा जिवंत असेतो दे.

तुझा,
दत्तोपंत (बाबा म्हणायचं की काय, ते तू ठरव)



शिळफाटा, खोपोली,
२९ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

ठरवलं. वरचा मायना पाहा.

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं, मग काळजी वाटली. बाबा, हा मासा नदीतला नव्हे. त्याचे पूर्वज भातखाचरातल्या थांबलेल्या पाण्यात राहायचे. परांचा एवढा झगा सांभाळत धारेविरुद्ध पोहणं त्याला जमत नाही. श्वासही तो वर येऊन हवेचा घोट घेऊन घेतो. म्हणजे प्रवाह माशाला नकोच आहे, पाण्याला हवा आहे. पाणी हललं तर त्यात हवा मिसळते आणि घाण खाणारे बारीक जीव जगतात. आमच्या साजगावच्या कंपनीत सांडपाण्याच्या हौदात हवा सोडतात, ती त्याच जिवांसाठी. मी प्रयोगशाळेत दिवसभर तेच तपासत असते. तुमच्या टीव्हीशेजारी त्याच हौदाचं बाळ आहे असं समजा.

तो जोरदार फिल्टर काढून टाका. हवेचा छोटा पंप आणि स्पंजचा फिल्टर आणा. नळीतून हवा गेली की बुडबुडे वर चढतात आणि पाणी हळूच स्पंजमधून ओढलं जातं. बुडबुडे कमी करायला मेडिकलमधून सलाइनचा सेट घ्या. त्याच्या नळीवर एक चाक असतं. थेंब कमी-जास्त करायचं ते चाक हवेलाही चालतं. अंगठ्याने थोडंथोडं फिरवा. वरचं पाणी थरथरलं पाहिजे, पण मासा स्वस्थ उभा राहिला तर वाहून जाता कामा नये. एवढंच माप. पंप मात्र पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर वीज गेली की टाकीतलं पाणी नळीतून घरात येईल आणि आईंना पुसत बसावं लागेल.

एक विचारायचं होतं. माझ्या आईकडून निघून मी साजगावला कंपनीजवळ खोली घेतेय. खिडकीपाशी टाकीपुरती जागा आहे. नीट बस्तान बसलं की ती घेऊन गेले तर चालेल का? तुम्हाला जड जात असेल तर आधीच सांगा.

प्रकृतीला जपा, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
ईशानी



कर्जत,
९ फेब्रुवारी

चि. ईशानी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मापाने काम फत्ते. कालव्यात आम्ही तरंगतं लाकूड सोडून वेग पाहायचो. इथे मी भिजवलेला सब्जाचा एक दाणा सोडला. मासा त्याच्याकडे संशयाने बघत राहिला. दाणा बुडबुड्यांबरोबर वर चढला, वरूनच पलीकडच्या काचेपर्यंत गेला, तिथून रमतगमत खाली उतरला आणि तळाशी सरकत पुन्हा बुडबुड्यांपाशी आला. मी थक्क झालो. माझ्या कालव्यातलं पाणी गेलं की गेलं. तेच पाणी फिरून भेटायला आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. चाक जरा जास्त फिरवलं की फेरी मोडते आणि दाणा सैरावैरा होतो. दाणा नंतर आठवणीने बाहेर काढला, काळजी नसावी.

सलाइनच्या सेटची मात्र गंमत झाली. मेडिकलवाल्या नीलेशने काहीतरी विचारलं. मला वाटलं मासा कुठे आहे असं विचारतोय, म्हणून मी सांगितलं की घरीच आहे, फार अशक्त झालाय. त्याने मान हलवली आणि पैसेही पूर्ण घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी भाजीवाली गौराबाई दोन शहाळी घेऊन दारात. माझ्याकडे अशी बघत होती की मीच जरा घाबरलो. शहाळी आम्ही प्यायलो, छान होती.

टाकीचं म्हणशील तर ती तुझीच. केव्हाही ने. मला जड जाईल की नाही, हे विचारू नकोस.

खुशाली कळवत जा.

तुझे,
बाबा



साजगाव,
१४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मला काल मिळालं, म्हणजे मी कर्जतला येऊन गेल्यावर. आधी मिळालं असतं तर आलेच नसते.

तुमची पाठ दाराकडे होती, तेव्हा जे तुम्ही ऐकलं नाही ते सांगते. गौराबाईंची मुलगी मैना आमच्या कॅन्टीनला आहे. ताटं लावता लावता तिने मला सांगितलं, “ताई, तुमच्या सासऱ्यांना सलाइन लावलंय. घरीच ठेवलंय म्हनं, दवाखान्यात नेन्यासारखं राह्यलं नाय.” मी अंगावरचा पांढरा कोट न काढताच निघाले आणि शिळफाट्यावरून मिळेल त्या जीपमध्ये बसले. वाटेत शौनकला फोन करावा का, हेही ठरवता येईना. मला आता तिथे जायचा काय हक्क, असं सारखं वाटत होतं, आणि जीप हळू चालली म्हणून ड्रायव्हरवर चिडतही होते.

दार आईंनी उघडलं. मी विचारलं, बाबा आहेत ना? त्या माझ्या कोटाकडे आणि चपलांकडे बघत राहिल्या. मी एका पायात माझी आणि एका पायात मैनाची चप्पल घालून आले होते. त्यांनी नुसता हात आत केला. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून, सलाइनची नळी हातात धरून टाकीत डोकावत होता.

मला तिथेच उंबऱ्यावर बसावं लागलं. आईंनी पाणी आणलं. भांडं परत घेताना त्या म्हणाल्या, “बस जरा. दमलीस.” मग तुम्ही मागे वळलात आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

टाकी पुढच्या रविवारी न्यायला येईन म्हणते. कॅनमध्ये थोडं जुनं पाणी भरून ठेवाल का?

आईंना नमस्कार सांगा, सांगता आला तर.

कृपा असू द्यावी.

आपली,
ईशानी



कर्जत,
१८ फेब्रुवारी

चि. ईशानी,
अ. उ. आ.

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घे. यांनी तुझा नमस्कार सांगितला. एवढ्या मोठ्याने सांगितला की खालच्या मजल्यावरच्यांनाही पोचला.

त्या दिवशी तू तशी धावत आलीस. नंतर दुपारभर तेच डोक्यात. तू शौनकला सोडलंस म्हणजे आम्हालाही सोडलंस, असं मी धरून चालले होते. तसं तू कधी म्हणाली नव्हतीस, आणि मीही विचारलं नव्हतं.

यांनी कॅन धुऊन ठेवलाय. टाकीवर घालायला जुन्या चादरीचं कापड शोधतायत. तोंडाने काही म्हणत नाहीत, पण काल दिवसभर टीव्ही लावला नाही. मासा मात्र मजेत आहे. सकाळी मी खाणं घालते तेव्हा बोटापाशी येतो. हे यांना माहीत नाही, त्यांना वाटतं तो त्यांनाच ओळखतो.

तर माझं म्हणणं असं की टाकी नेऊ नकोस. न्यायला आलीस तर एकदाच येशील. पाणी दर पंधरवड्याला बदलावं लागतं म्हणे, आणि ते काम यांच्या हातून नीट होत नाही, मागच्या खेपेला माझा पाट भिजवला. तेव्हा पाणी बदलायला येत जा.

या रविवारी लवकरच ये. नवे वाल आलेत, बिरडं करते. मैनाची चप्पल तिला दिलीस का?

तू येतेस असं धरून तांदूळ निवडते आहे.

आई