दुधाची धार

३ फेब्रुवारी, सोमवार

शिवप्रिया कॉलेजातून आली ती सांगतच— "आई, मराठीच्या सरांनी पान करायला सांगितलंय." म्हटलं, सुपारी संपलीय, शेजारून आणते. लोळून हसली! वेबचं पान म्हणे, मोबाइलात उघडतं. प्रत्येकानं आपल्या घरचं लोकसाहित्य त्यावर लावायचं. हिच्या वाट्याला उखाणे. माझ्याच आवाजात हवेत— म्हणजे ह्यांचं नाव घेणं आलं!

कसं घेऊ? शनिवारपासून अबोला आहे. ईट गावचे पाहुणे बसलेले, आणि हे म्हणतात, "आमच्याकडं चहात दूध नसतं, दुधाचा आशीर्वाद असतो." पाहुणे खो-खो! काटकसर काय मी माझ्यासाठी करते? चुकलो म्हणेपर्यंत बोलणार नाही. महादेवाला सांगून ठेवलंय.

४ फेब्रुवारी

दूध अर्धा लिटरच. अबोला चालू.

६ फेब्रुवारी

पोरगी रडकुंडीला आली. "आई, उद्या शेवटची तारीख!" मोबाइल तोंडापुढंच धरला. घेतलं एकदाचं—

"महादेवाच्या पिंडीवर दुधाची धार,
राजशेखररावांच्या जिभेला सुरीची धार!"

सर ऐकतील, गुण देतील, संपलं.

८ फेब्रुवारी

सर कुठले! ते पान साऱ्या जगाला उघडं असतं म्हणे. येरमाळ्याहून नणंदेचा फोन— "वहिनी, दादाला लई बेस सोललंत!" ह्यांच्या दुकानात गिऱ्हाईकं मोबाइलवर लावून लावून ऐकतायत. दुपारी जेवायला आले नाहीत. डबा पाठवला— तसाच परत.

शिवप्रियाला म्हटलं, काढ ते पान. "आई, सरांनी अजून तपासलं न्हाय. गुण जातील."

हे चहावरून बोलले ते चारचौघांत. मी तर आमच्या परंड्याची वेसच ओलांडली. इष्टलिंगपूजेत चित्त लागेना.

९ फेब्रुवारी

ह्यांनी शिवप्रियाला बाहेर बोलावलं. बाप-लेकीची कुजबुज. मी गेले तर पोरीनं मोबाइल पाठीमागं लपवला.

११ फेब्रुवारी

पानाखाली वाचणाऱ्यांनी लिहायची जागा असते. शिवप्रियानं वाचून दाखवलं—

"दुधाविना चहा, तरी लागतो गोड,
जगदेवी, तेवढा अबोला सोड.
— राजशेखर, किराणा दुकान, परंडा."

लग्नापासून नुसतं "अगं, ऐकलं का." माझं नाव ह्यांना घेता येतं!

"आई, सरांनी गुण दिले. आता काढू का पान?"

म्हटलं, हात तर लावून बघ!